थंडी भिंतींत असते, जाहिरात हीटरची होते

फेब्रुवारी उजाडला की उत्तर भारतातील थंडीविषयीच्या विज्ञानवार्ता एकाच साच्यातून निघू लागतात. वीज वाचविणारा हीटर कसा निवडावा, थर्मोस्टॅट एक अंशाने खाली आणा, खिडक्यांच्या फटी बुजवा. यांतील बहुतेक मजकूर युरोपातील घरांसाठी लिहिलेल्या लेखांची उसनवारी असते. दिल्ली, लखनौ वा पाटण्यातील किती घरांत थर्मोस्टॅट आहे, हा प्रश्न संपादकांना पडत नाही. उसनवारीला माझा विरोध नाही. परंतु येथे भौतिकीच चुकते, आणि त्यातील एक सल्ला जिवावर बेतणारा आहे.

प्रथम हीटर. तारेचा, तेलाचा वा क्वार्ट्झचा, कोणताही रोधक हीटर 1000 वॅट वीज घेऊन 1000 वॅटच उष्णता देतो. त्यात ‘बचत’ करायला जागाच नाही. उलटा चालू शकणारा एसी बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढतो, म्हणून एका युनिट विजेत साधारण तीन युनिटे उष्णता देऊ शकतो. उपकरणांतला महत्त्वाचा फरक एवढाच.

आता खरा प्रश्न: ही उष्णता जाते कोठे? सर्वांत वरच्या मजल्यावरील 12 चौरस मीटरची एक खोली घ्या. आत 20 अंश, बाहेर 10. नऊ इंची विटांच्या भिंतीतून प्रत्येक चौरस मीटरमागे, प्रत्येक अंशाच्या फरकाला, सुमारे 2 वॅट निसटतात. या आकड्याला यू-मूल्य म्हणतात. एकेरी काचेसाठी ते 5.7च्या आसपास, उघड्या काँक्रीटच्या स्लॅबसाठी साधारण 3.5. 10 चौरस मीटर बाहेरची भिंत 200 वॅट घालवते, 2 चौरस मीटर काच 114, आणि छत एकटेच 420. हवा तासाला एकदा बदलली तर आणखी 120. एकूण साडेआठशे वॅटांपैकी निम्मे डोक्यावरून जातात, आणि आपण खिडकीच्या फटीवर लेख लिहितो! हाच स्लॅब मे महिन्यात तीच उष्णता आत सोडतो. त्यामुळे छतावरील उष्णतारोधक थराचा खर्च दोन्ही ऋतूंत वसूल होतो. युरोपीय लेखात हे सापडणार नाही, कारण तेथील मे वेगळा असतो.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांनी कागदावर करून पाहावी. आपल्याला जाणवणारे तापमान केवळ हवेचे नसते. भिंती 14 अंशांवर असतील आणि कपड्यांचा पृष्ठभाग 24 अंशांवर, तर केवळ प्रारणाने शरीर सुमारे 80 वॅट गमावते. स्वस्थ बसलेला माणूस एकंदर 100 वॅटच निर्माण करतो. म्हणून हवा तापवूनही पाठीत गारठा राहतो. फेब्रुवारीच्या दुपारी दिल्लीत अंगणात ऊब आणि दिवाणखान्यात कुडकुड, याचे कारण हेच: रात्रभर निवलेल्या भिंती हवेच्या कित्येक तास मागे चालतात. दुपारी खिडक्या सताड उघडा, उन्हे उतरण्याआधी लावा. हा फुकटचा उपाय कोणत्याही जाहिरातीत बसत नाही. दक्षिणेच्या खिडकीवरील पडदे दिवसा बाजूला सारा. फेब्रुवारीच्या मध्यास दिल्लीत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर असतो, जूनमध्ये 85 अंशांवर. योग्य मापाचा छज्जा हिवाळी ऊन आत घेतो आणि उन्हाळी ऊन अडवतो.

लडाखने हे भौतिकी केव्हाच अंगीकारले. लेहजवळ फे येथील सेकमोलच्या इमारती दाबलेल्या मातीच्या व दक्षिणाभिमुख आहेत. बाहेर उणे 15 अंश असतानाही त्या मुख्यतः उन्हावर निभावतात. आपल्याकडे मात्र त्यांची बातमी ‘अजब प्रयोग’ म्हणून छापली जाते, जणू सूर्य फक्त लडाखला मिळाला आहे.

आणि तो जीवघेणा सल्ला. फटी बुजवा हे वाक्य ज्या घरात वीज वा गॅसबॉयलर आहे तेथे ठीक. ज्या घरात रात्री कोळशाची शेगडी आत घेतात तेथे ते मृत्यूचे निमंत्रण ठरते. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत झोपेत गेलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात, त्याच वृत्तपत्रात, दोन पाने अलीकडे पलीकडे. विज्ञानाच्या पानाने त्या वाचू नयेत?

धोरणाकडे वळू. 2018 मध्ये केंद्राने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छताचे यू-मूल्य 1.2 हून अधिक नको, असे ती सांगते. वरच्या खोलीत ही एकच अट पाळली तर 420 वॅटांचे 144 होतात. उत्तम. पण ती 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे, आणि राज्यांनी व नगरपालिकांनी आपल्या नियमांत घेतल्याविना ती कागदावरच राहते. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे. म्हणजे ज्याला हीटरचे बिल परवडत नाही, नेमका तोच संहितेच्या बाहेर. सरकारी पैशाने बांधल्या जाणाऱ्या या घरांच्या छताचे यू-मूल्य किती, हा प्रश्न पुढच्या पत्रकार परिषदेत कोणी विज्ञानपत्रकार विचारील काय? हीटरांची तुलना एक आठवडा थांबू शकते.