नटाच्या नावाचा गुच्छ आणि फुलाऱ्याचा हिशेब

सातारा व सांगली जिल्ह्यांतील फूलविक्रेत्यांकडे लग्नसराईत आता नव्या तऱ्हेचे गिऱ्हाईक येते. ते हातातला मोबाईल पुढे करून विचारते, "या नटीच्या लग्नात होती तशी वरमाला मिळेल का?" यातूनच काही तरुण दुकानदारांच्या मनात कल्पना येते की नट, गायक किंवा क्रिकेटपटूचे नाव देऊनच गुच्छ विकावेत, नाव मोठे, भाव मोठा. ही कल्पना वरवर गोड असली तरी गल्ल्यावर बसून तपासली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. तेथे ऑर्डर घेणारी कंपनी वेगळी आणि गुच्छ बांधून पोचवणारा गावातला दुकानदार वेगळा, अशी पद्धत जुनी आहे. २००८ साली मार्था स्टुअर्ट या दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध बाईंच्या नावाचे गुच्छ तेथे बाजारात आले. एफटीडी या १९१० पासूनच्या कंपनीने वेरा वँग या पोशाखकर्त्या बाईंच्या नावाचे गुच्छ विकले. हीच एफटीडी २०१९ साली दिवाळखोरीत गेली. नावामुळे ती बुडाली असे आम्ही म्हणत नाही. पण नावाने ती तरली नाही, एवढे खरे.

आता आपल्या दुकानाचा हिशेब पाहू. नावाच्या गुच्छात फुले ठरलेली, रंग ठरलेला, पेटीही ठरलेली. समजा, असा गुच्छ ८०० रुपयांना विकला आणि फुले, पेटी व नावाचा हिस्सा धरून खर्च ५५० आला. दहा बांधून ठेवले व सहा गेले, तर आले ४८०० आणि खर्च झाला ५५००. म्हणजे ७०० रुपये अंगावर. उलट, मागणी येईल तसा साधा गुच्छ ३५० रुपये खर्चून ५०० ला दिला, तर सहा गुच्छांत ९०० रुपये सुटतात. उरलेला निशिगंध, शेवंती, गुलाब त्याच संध्याकाळी हारात, गजऱ्यात किंवा दर्ग्याच्या चादरीत जातो. फूल उद्याची वाट पाहत नाही. ज्या मालाला दुसरी वाट नाही, तो माल फुलाऱ्याने भरू नये.

कोणी म्हणेल, परवाना कशाला हवा? फोटो चिकटवला की झाले! हा मार्ग तर अधिकच घातक. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचे नाव, आवाज व छबी परवानगीविना धंद्यासाठी वापरण्यास मनाई केली. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली काही कंपन्यांना व विक्रेत्यांना असाच आदेश दिला. आणि कायदा दूर ठेवला तरी, ज्याने आपला गुच्छ पाहिलाही नाही त्याच्या पसंतीचा म्हणून तो विकणे, ही गिऱ्हाइकाशी लबाडीच आहे. अशा पैशात बरकत कोठून येणार?

मग नावच नको काय? नाव हवे, पण आपले हवे. दाखला घरातलाच आहे. मिरजेच्या सतारमेकरांचे तंबोरे व सतारी पिढ्यान्‌पिढ्या थोर कलावंतांनी मैफलीत वाजवल्या. तरी वाद्यावर नाव राहिले ते घडवणाऱ्या घराण्याचे आणि गावाचे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही मिरजेच्याच नावाने. कलावंत वाद्य शोधत मिरजेला आला, कारण कारागिराने आपले नाव राखले होते.

म्हणून आमचे मत असे की, नटीच्या लग्नातली वरमाला कोणी मागितली तर जरूर बांधून द्यावी. गुंफण शिकण्यात कमीपणा नाही. पण पाटीवर आणि पेटीवर आपल्या दुकानाचेच नाव असावे. एखादी कंपनी मोठ्या नावाचा लेखी परवाना घेऊन आलीच, तर आगाऊ रक्कम घेऊन, ऑर्डर असेल तेवढाच माल बांधावा. न खपलेल्या मालाचा तोटा कोणाचा, हे आधी कागदावर घ्यावे. आणि ज्या माता-भगिनी घरी बसून सेहरे व गजरे गुंफतात, त्यांच्या मजुरीतून कापून कोणा धनवानाच्या नावाचा हिस्सा भरू नये.

सेहरा लग्नात मिरवतो आणि दुसऱ्या दिवशी सुकतो. तो कोणी बांधला होता, हे मात्र पुढच्या लग्नघरात विचारले जाते. तेव्हा आपले नाव निघावे, हीच फुलाऱ्याची खरी कमाई होय.