अडकलेला पर्यटक बेजबाबदार नसतो



‘वादळाचा इशारा मिळूनही शहरात राहणाऱ्या पर्यटकांचे लाड कशाला?’ हा एका पत्रलेखकाचा सवाल वस्तुस्थितीला धरून नाही. ‘सँडी’ वादळ २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकले. पण न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे आदल्या दिवशीच संध्याकाळी ७ पासून बंद झाली होती आणि विमानेही रद्द होत होती. रहिवासी निदान स्वतःची गाडी असल्यास ती काढून नातेवाइकांकडे जातो. परक्या मुलखातल्या, भाड्याच्या खोलीत उतरलेल्या माणसाने जायचे कुठे? न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ साली सक्तीच्या स्थलांतराचा आदेश ‘कतरिना’ वादळ धडकण्याच्या जेमतेम आदल्या सकाळी निघाला. ज्यांच्याकडे वाहन नव्हते ते गरीब रहिवासी आणि पर्यटक, दोघेही मागे राहिले.

हॉटेलात सुरक्षित बसावे, हा सल्लाही अपुरा आहे. सँडीच्या वेळी मॅनहॅटनमध्ये ५७व्या रस्त्यावर बांधकाम चालू असलेल्या गगनचुंबी इमारतीवरच्या क्रेनचा दांडा मोडून लोंबकळू लागला आणि शेजारच्या हॉटेलातील पाहुण्यांना बाहेर काढावे लागले. तो भाग पुराच्या पट्ट्यात नव्हता. मदतीवर पहिला हक्क करदात्या रहिवाशांचा, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण हॉटेलच्या बिलात शहराचा कर पर्यटकही भरतोच. वादळाची लाट बघायला समुद्रावर जाणाऱ्या हौशी माणसाला जरूर दंड करावा. मात्र त्याच्यापायी अडकलेल्या प्रत्येकाला बेजबाबदार ठरवणे म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जाळणे होय. वाहतूक बंद करण्याआधी बाहेरगावच्यांना निघायला वेळ आणि वाट देणे, हे शहराचेच काम आहे.

– एक वाचक, ठाणे