‘पंक्चर काढत बसशील!’

“अभ्यास कर, नाहीतर पंक्चर काढत बसशील!” हे वाक्य न ऐकता बारावी झालेला मुलगा आपल्या हॉस्टेलवर शोधूनही सापडायचा नाही. मीसुद्धा ऐकलं, घाबरून अभ्यास केला आणि इंजिनिअरिंगला आलो. आणि गेल्या डिसेंबरात एका रविवारी रघुवीर घाटात रस्त्याच्या कडेला खरोखरच पंक्चर काढत बसलो. फक्त मला ते काढता येत नव्हतं!

झालं असं की, मी आणि माझा रूम पार्टनर खेडहून खोपीमार्गे घाट चढायला निघालो. गिअरची माउंटन बाईक, जाडजूड टायर. ‘याला काय होतंय’ असा आमचा थाट. निम्म्या घाटात मागचं चाक बसलं. सॅकमध्ये नवी ट्यूब होती, त्यामुळे टेन्शन नव्हतं. ट्यूब बदलली, हवा भरली, जेमतेम दोनशे मीटर गेलो आणि पुन्हा फुस्स! आता दुसरी ट्यूब नाही, पॅच नाही, मोबाईलला रेंज नाही. सायकल ढकलत खोपीपर्यंत खाली आलो. तिथे एका टेम्पोवाल्याला दया आली, म्हणून दिवेलागणीला भरणे नाक्यावर पोचलो.

तिथल्या पंक्चरवाल्या काकांनी ट्यूबकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी आधी टायरच्या आतून एक जुनं फडकं फिरवलं. एका जागी ते अडकलं. तिथून त्यांनी पकडीने करवंदीचा काटा ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, “ट्यूब नवी घातलीस पोरा, पण काटा आतच ठेवलास की!”

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा मी विद्यार्थी. बिघाडाचं मूळ कारण शोधा, हे व्हायवात घडाघडा सांगतो. प्रत्यक्षात मूळ कारण टायरमध्ये ठेवून नवी ट्यूब फाडून घेतली!

त्यानंतर दोन-चार रविवार मी काकांकडे जाऊन बसलो. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ‘फ्रिक्शन’ची व्याख्या पाठ, पण ‘कानस’ हा शब्द पहिल्यांदा त्यांच्याकडे ऐकला. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

भोक बघून कारण ओळखता येतं. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा, काच किंवा तार. हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून पडलेले तारेचे केसासारखे तुकडे कडेला साचतात, ते तर डोळ्यांना दिसतही नाहीत. साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती. खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलेली असते आणि स्पोकचं टोक टोचतं.

म्हणजे निम्मा इलाज हवेतच आहे. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. पण ते वाचतो कोण? ट्यूबमधून हवा हळूहळू आपोआप कमी होते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी तपासावी. फिरून आल्यावर टायरमध्ये रुतलेली खडी आणि काटे काढून टाकावेत, ते आज ना उद्या आत शिरतातच. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात जास्तच जपावं, कारण ओलं रबर काचेने चटकन कापलं जातं.

पॅच लावताना आपण सगळे एकच चूक करतो, ती म्हणजे घाई. जागा कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासायची, सोल्युशन पातळ लावायचं आणि थांबायचं. ओल्यावर पॅच चिकटवला तर तो सुटणारच. सोल्युशन सुकून बोटाला जेमतेम चिकटेल इतपत झालं की मगच पॅच दाबायचा. ट्यूब आत घालताना थोडी हवा भरून घ्यावी, म्हणजे ती पिळली जात नाही. टायरची शेवटची कड हाताने बसवावी, स्क्रू-ड्रायव्हरने कदापि नाही!

काही जण म्हणतील, आता ट्यूबलेस आलंय, हा खटाटोप कशाला? खरं आहे, आतलं सीलंट बारीक भोक आपोआप बुजवतं. पण ते उष्णतेने सुकतं आणि काही महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं. तेव्हा लक्ष द्यायला लागतंच.

आता मूळ मुद्दा. ज्या कामाची आपल्याला भीती घालतात, ते खरंच इतकं हलकं आहे का? १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत, त्यामुळे पंक्चर काढायला तासन्‌तास लागत. हा वैताग पाहून फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर तयार केला आणि १८९१ च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यतीत तोच टायर वापरणारा शार्ल तेरों पहिला आला. म्हणजे एवढी मोठी कंपनी उभी राहिली ती ‘पंक्चर काढत बसल्या’मुळेच!

भरणे नाक्यावरचे काका रोज कारण शोधतात, मग इलाज करतात, मग पाण्यात बुडवून तपासतात. आपण जर्नल उतरवून काढतो. यात इंजिनिअर कोण, हे ज्याचं त्याने ठरवावं.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. हॉस्टेलच्या सायकल स्टँडजवळ एक कोपरा मिळावा. तिथे पंप, पॅच, सोल्युशन, कानस, दोन टायर लिव्हर आणि पाण्याचं एक घमेलं असावं. सगळा खर्च आपल्या एका पिझ्झा पार्टीत बसेल. आणि नव्या मुलांना एखाद्या शनिवारी काकांना बोलावून शिकवावं, रीतसर मानधन देऊन, पाहुणे म्हणून.

पंप मी देतो. घमेलं तेवढं रेक्टर सरांनी द्यावं. बघा पटतंय का!

– टी. ई. मेकॅनिकल