मुदतीचा करार : वरच्या मजल्यावरचा आणि खालचा

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ‘मुदतीचा करार’ हे शब्द दोन मजल्यांवर वापरले जातात आणि दोन्हीकडे त्यांचा अर्थ निराळा होतो. औषध कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक मुदतीवर असतो. एका वेळी पाच वर्षांहून अधिक काळ त्याला नेमता येत नाही. इंजेक्शनच्या कुप्या तपासणारी मुलगीही मुदतीवरच असते, पण काही महिन्यांच्या.

संचालकाचा करार वकिलांच्या मदतीने, कलमाकलमावर घासाघीस होऊन ठरतो. वेतन, नफ्यातील वाटा, सवलतीच्या दराने समभाग. आणि मुदतीपूर्वी दूर केल्यास भरपाई. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या २०२ व्या कलमाने तिला मुभा दिली आहे : उरलेल्या मुदतीचे किंवा तीन वर्षांचे वेतन, यांपैकी जे कमी असेल तितके. गैरव्यवहार केल्यास काही मिळत नाही, हे खरे. परंतु मालकाचे नुसते मन बदलले, तर त्याची किंमत कंपनीने मोजायची. यात वावगे काही नाही. नोकरी जाणे हे नुकसान आहे, एवढे कायद्याने मान्य केले.

खाली मात्र उलट न्याय. १९८४ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन कराराची मुदत संपल्याने गेलेली नोकरी ‘कामगारकपाती’च्या व्याख्येतून वगळली गेली; तिच्याबरोबर कपातीची भरपाईही गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती वाट अधिकच रुंद केली. मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळणार, ही सोय स्वागतार्हच आहे. मुदत भरल्यावर संचालकालाही भरपाई नसते, असा प्रतिवाद होईल. पण पाच वर्षे हाती असलेला माणूस मालकाशी बोलू शकतो. दर काही महिन्यांनी जिचा करार पुन्हा व्हायचा की नाही हे साहेबाच्या मर्जीवर, ती युनियनची पावती फाडायला धजावेल काय?

मोबदल्यावर अंकुश आहे, असेही सांगितले जाते. एका व्यवस्थापकीय संचालकास निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, सर्व संचालकांस मिळून ११ टक्के, ही ती मर्यादा. ती ओलांडण्यास पूर्वी केंद्र सरकारची परवानगी लागे. सप्टेंबर २०१८ पासून भागधारकांचा विशेष ठराव पुरतो. जिथे बहुसंख्य समभाग एकाच घराण्याकडे, तिथे हा ठराव म्हणजे घरातलीच बैठक!

शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना संचालकाचे वेतन कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट, हे जाहीर करावे लागते. येथे एक गोम आहे. ठेकेदाराची माणसे कंपनीचे कर्मचारी गणली जात नाहीत. कमी पगाराची कामे जितकी ठेक्यावर ढकलावीत, तितके मध्यक वेतन वर सरकते आणि विषमता कागदावर कमी दिसते. म्हणजे ठेकेदारी वाढवणाऱ्याचा अहवाल अधिक न्यायी!

कार्यकर्त्यांनी १९० वे कलम वाचावे. संचालकाच्या सेवाकराराची प्रत नोंदणीकृत कार्यालयात ठेवणे सार्वजनिक कंपनीस बंधनकारक आहे आणि कोणाही भागधारकास ती विनामूल्य पाहता येते. युनियनच्या एका सभासदाने एक समभाग घेतला तरी भागते. भरपाईचे कलम उतरवून घ्यावे आणि ‘संचालक’ या शब्दाच्या जागी ‘कामगार’ घालून पुढच्या मागणीपत्रात जसेच्या तसे द्यावे.