छातीवरचे नाव

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. पवित्र मिस्सा आटोपली होती आणि देवळाच्या पटांगणात मुले चेंडू खेळत होती. आमच्या वेदीसेवकांपैकी एक अकरा वर्षांचा मुलगा अंगातला झगा घाईघाईने उतरवून त्यांच्यात सामील झाला. झग्याखाली त्याने एका इंग्रज संघाचा सदरा घातला होता, आठवड्याच्या बाजारात दोनशे रुपयांना मिळतो तसला. पाठीवर एका नामांकित खेळाडूचे नाव होते आणि छातीवर आणखी एक नाव. आम्ही त्याला जवळ बोलावून विचारले, "बाळ, पाठीवरचे नाव कोणाचे?" त्याने त्या खेळाडूची सारी कुंडलीच सांगितली. "आणि छातीवरचे?" तो क्षणभर घुटमळला व म्हणाला, "फादर, ते संघाचेच असेल."

ते संघाचे नव्हते. ते जुगाराचा धंदा चालविणाऱ्या एका कंपनीचे नाव होते.

मुलाला आम्ही दोष दिला नाही, आणि त्याच्या आईबापांनाही देत नाही. त्यांच्या घरात पत्त्यांचा जोडसुद्धा नाही. परंतु जे घराच्या दारातून आत आले नसते ते मुलाच्या छातीवर बसून थेट वेदीपाशी येऊन पोहोचले, हा विचार काही केल्या मनातून जाईना. यास्तव, वाचकहो, आज याच विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. फुटबॉलच्या खेळाशी आमचे वैर नाही, असेल कसे? आमच्या गोव्यात हा खेळ १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी रुजविला, असे सांगतात. तिकडे स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट संघाच्या व्रतस्थांनी १८८७ साली सेल्टिक नावाचा संघ स्थापन केला. हेतू एवढाच, की सामन्यांच्या उत्पन्नातून शहराच्या पूर्व भागातील भुकेल्या गरिबांना, मुख्यतः मुलांना, दोन घास मिळावेत. म्हणजे या खेळाच्या पाळण्याशी आपली माणसे उभी होती. त्याच सेल्टिकच्या सदऱ्यावर २०१६ साली एका जुगारी कंपनीचे नाव चढले. गरिबाच्या पोरांसाठी उभा राहिलेला संघ, आणि गरिबाच्या पोरांचे खिसे रिकामे करणारा धंदा! काळाचा हा फेरा पाहून मन खिन्न होते.

खेळाडूंना मिळणाऱ्या पैशाविषयी बोलताना न्याय सोडू नये. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळण्यास १८८५ साली परवानगी मिळाली. पण १९०१ पासून वेतनावर मर्यादा घातली गेली, ती आठवड्याला चार पौंड. साठ वर्षांनी ही मर्यादा वीस पौंडांवर आली होती. मैदाने प्रेक्षकांनी फुलून जात, द्वाराशी पैशांच्या राशी पडत, आणि ज्याच्या पायांच्या जोरावर हे सारे चाले तो मात्र मजुरासारखा राही. १९६१ च्या जानेवारीत खेळाडूंच्या संघटनेने ही मर्यादा उठविण्यास भाग पाडले व फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला शंभर पौंड मिळविणारा पहिला खेळाडू झाला. हे योग्यच झाले. मजुराला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, हे आपल्या धर्मग्रंथाचेच सांगणे आहे.

परंतु धरण फुटल्यावर पाणी पाटातून वाहत नाही. १९९२ पासून इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, आणि आज आठवड्याला दोन-तीन लाख पौंड घेणारे खेळाडू आहेत. २०१७ साली नेमार या एका खेळाडूला बार्सिलोनाकडून आपल्याकडे घेण्यासाठी पॅरिसच्या संघाने बावीस कोटी वीस लाख युरो मोजले. अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या हाती, त्याला बँकेचा कागद नीट वाचता येण्याआधी, एवढे धन पडते. भोवती खुशमस्कऱ्यांचा गराडा असतो. दुपारी सराव संपला की संध्याकाळ मोकळी असते. मद्य, मोटारी आणि पैज या तिघांनी किती गुणवान तरुण गिळले! जॉर्ज बेस्टसारखा चेंडूचा जादूगार मद्याच्या व्यसनाने एकोणसाठाव्या वर्षी, २००५ साली गेला. त्याच्या नशिबी वैभव कमी नव्हते. वैभव पेलण्याची शिकवण कमी होती.

आता पैजेकडे वळू. आम्ही धर्मविद्यालयात शिकत असता आमचे नीतिशास्त्राचे वृद्ध प्राध्यापक सांगत, की ख्रिस्तसभा पैजेला मुळातच पाप म्हणत नाही. पण ती चार अटी घालते. पैसा स्वतःचा असावा व त्यावर कोणाचा हक्क नसावा. खेळणारा स्वेच्छेने खेळत असावा. डावात कपट नसावे. आणि दोन्ही बाजूंना जिंकण्याची संधी सारखी असावी. यांतील एक जरी अट मोडली तरी पैज ही पैज राहत नाही. त्या वेळी हे आम्हास कोरडे वाटे. आज फुटबॉलच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे एकेका अटीचा अर्थ उलगडतो.

कपटापासून आरंभ करू. १९१५ सालचा पवित्र शुक्रवार, तारीख २ एप्रिल. मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांचा सामना होता. युनायटेडने तो २–० असा जिंकला. परंतु आधीच ठरले होते की तो नेमका २–० असाच संपवावयाचा, कारण त्या आकड्यावर एकास सात या भावाने पैजा लावलेल्या होत्या. चौकशी झाली आणि दोन्ही संघांतील सात खेळाडूंना जन्मभराची बंदी झाली. महायुद्ध संपल्यावर बहुतेकांची बंदी उठली. एनॉक वेस्ट याची मात्र १९४५ पर्यंत उठली नाही, तेव्हा तो साठीला टेकला होता. ज्या दिवशी क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या वस्त्रांवर चिठ्ठ्या टाकल्या, त्याच दिवशी ही चिठ्ठी टाकली जावी, याहून अधिक आम्ही काय लिहावे?

दुसरे उदाहरण शेफिल्ड वेन्सडे या संघाचे. पीटर स्वान, टोनी के व डेव्हिड लेन हे तिघे नावाजलेले खेळाडू. स्वान तर इंग्लंडकडून एकोणीस सामने खेळलेला. १ डिसेंबर १९६२ रोजी इप्सविचविरुद्ध आपलाच संघ हरणार अशी पैज त्यांनी प्रत्येकी पन्नास पौंडांची लावली. संघ २–० असा हरला व प्रत्येकास शंभर पौंड लाभ झाला. १९६४ साली एका वृत्तपत्राने हे प्रकरण उजेडात आणले. १९६५ च्या जानेवारीत तिघांना चार-चार महिन्यांचा तुरुंगवास झाला, या साऱ्याचा सूत्रधार जिमी गॉल्ड याला चार वर्षांचा, आणि त्यानंतर खेळाचे दार जन्मभरासाठी बंद झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडने विश्वचषक जिंकला. स्वान आणि के त्या संघात असू शकले असते, असे अनेक जाणकार म्हणतात. १९७२ साली बंदी उठली. स्वान वयाच्या पस्तिशीत पुन्हा मैदानावर उतरला, के व्यावसायिक सामन्यांत पुन्हा दिसलाच नाही. शंभर पौंडांना त्यांनी काय विकले याचा हिशेब वाचकांनीच करावा.

त्या काळी लोक म्हणत, वेतन तुटपुंजे होते म्हणून मोह झाला. हे खरे असते तर आजच्या श्रीमंतीत जुगार नाहीसा व्हावयास हवा होता. तसे घडले काय? २०२३ च्या मे महिन्यात ब्रेंटफर्डच्या आयव्हन टोनी याला पैजेचे नियम २३२ वेळा मोडल्याबद्दल आठ महिन्यांची बंदी व पन्नास हजार पौंड दंड झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये सँड्रो टोनाली हा इटलीचा तरुण खेळाडू मिलान सोडून पाच कोटींहून अधिक पौंडांच्या मोबदल्यात न्यूकॅसल संघात आला, आणि ऑक्टोबरात त्याच्यावर दहा महिन्यांची बंदी आली. या दोघांना पैशाची कोणती वाण होती? दोघांच्याही बाबतीत जुगाराचे व्यसन जडल्याचे पुढे आले. व्यसन म्हणजे इच्छेला पडलेली बेडी. येथे दुसरी अट, स्वेच्छेची, मोडते. तहानलेल्याने खारे पाणी प्यावे तसे हे आहे: घोटागणिक तहान वाढतच जाते, आणि समुद्र काही आटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. टोनी ज्या सदऱ्यात खेळे त्याच्या छातीवर त्या वेळी जुगारी कंपनीचेच नाव होते. म्हणजे ज्याला पैज लावल्याबद्दल मैदानाबाहेर काढले, त्यालाच आदल्या दिवसापर्यंत पैजेचा फलक म्हणून मैदानात फिरविले. खेळाडू दोषी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण दारूचा पिंप डोक्यावर देऊन वर "थेंब चाखू नकोस" म्हणणाऱ्या धन्याला काय म्हणावे? २०२३ च्या एप्रिलमध्ये प्रीमियर लीगच्या संघांनी ठरविले, की २०२५-२६ चा हंगाम संपताच सदऱ्याच्या पुढील बाजूवरून अशी नावे काढून टाकावयाची. ठीक झाले, पण सदऱ्याच्या बाह्या व मैदानाकडेचे फलक त्या निर्णयाने मोकळेच ठेवले.

आता चौथी अट, सारख्या संधीची. हा धंदा कसा चालतो ते साध्या हिशेबाने पाहा. समजा, सामन्याचे तीन निकाल संभवतात: हा संघ, तो संघ किंवा बरोबरी, आणि तिन्हींची शक्यता सारखी. तीन माणसांनी एकेका निकालावर शंभर-शंभर रुपये लावले. न्यायाने जिंकणाऱ्यास तीनशे मिळावयास हवेत. कंपनी देते पावणेतीनशे. कोणीही जिंको, पंचवीस रुपये तिचे. तिने चेंडूला पाय लावला नाही, जोखीमही घेतली नाही. जो एकदाच खेळतो तो कदाचित जिंकेल; जो रोज खेळतो त्याच्या खिशातून दर डावाला हा भाग गळतच राहतो. पुन्हा-पुन्हा खेळणाऱ्याने अखेर हरावे, अशीच त्या भावांची बांधणी असते.

राहिली पहिली अट. तिच्यासाठी आम्हास इंग्लंडला जावे लागत नाही. काही काळापूर्वी एक माउली आमच्या ओसरीवर येऊन बसली. हे पापनिवेदनातले नव्हे. तिने स्वतः, चारचौघांना उपयोग व्हावा म्हणून, सांगण्याची मोकळीक दिली आहे. धनी बोटीवर नोकरीला. घराचे छप्पर गळत होते म्हणून त्याने कौलांसाठी पैसे पाठविले. एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री मोबाइलवर परदेशचे सामने पाही. प्रथम पन्नास रुपये, मग पाचशे, मग गेलेले परत मिळविण्यासाठी आणखी. मृग लागला तेव्हा कौले आली नाहीत, पैसेही उरले नव्हते. "फादर," ती म्हणाली, "पोरगा चोर नाही हो." आम्हालाही ते पटले. तो चोर नव्हता; पण तो पैसा त्याचा नव्हता. तो त्याच्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावरच्या छपराचा होता.

सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली, याचे आम्ही स्वागत करतो. तथापि मटक्याला तरी कायद्याची मान्यता कोठे होती? तरी तो गावोगाव पोहोचलाच. कायदा कुंपण घालतो. राखण घरच्यांनीच करावयाची असते.

म्हणून आईबापांना आमची विनंती. मुलगा कोणता सामना पाहतो हे विचारता, तसे त्या सामन्यात त्याचे काही "लागले" आहे काय, हेही एकदा शांतपणे विचारा. घरचा पैसा ज्या मोबाइलवर येतो तो रात्री मुलाच्या उशाशी ठेवू नका. मुलाने चूक कबूल केली तर प्रथम त्याला जेवू घाला, मग हिशेब मागा. कर्ज गुपचूप फेडून प्रकरण झाकू नका. झाकलेली जखम चिघळते. आणि तरुणांनो, तुमच्यापैकी कोणी या चिखलात रुतला असेल, तर टोनालीचा पुढचा अध्याय ऐका. त्याच्या शिक्षेतच उपचार आणि तरुणांपुढे सोळा वेळा उभे राहून स्वतःची कहाणी सांगणे हे घातले होते. इंग्लंडमध्ये आल्यावरही आपण पैजा लावल्या, हे त्याने स्वतः होऊन कबूल केले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो परतला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये न्यूकॅसलने लीग कप जिंकला तेव्हा तो मैदानात होता. कबुली देणारा बुडत नाही.

धनाचा सदुपयोग करणारेही या खेळात आहेत. सेनेगल देशातील बाम्बाली या खेड्यात सादियो माने वाढला. गावात रुग्णालय नव्हते, आणि वडील आजारपणात गेले तेव्हा तो लहान होता. पुढे त्याने त्याच गावी शाळा बांधली आणि २०२१ साली रुग्णालय उभे केले. पाठीवर नाव मिरवावयाचे तर अशांचे मिरवावे.

त्या वेदीसेवकाचे काय झाले, असे वाचक विचारतील. पुढल्या रविवारी तो त्याच सदऱ्यात खेळावयास आला. सदरा फेकून देण्याइतकी त्याच्या घरची ऐपत नाही. परंतु त्याच्या आईने छातीवरच्या नावावर जुन्या चादरीची एक पांढरी पट्टी घट्ट शिवून टाकली होती. पाठीवरचे नाव तसेच होते. आम्ही काही बोललो नाही. त्याने मात्र आमच्याकडे पाहून पट्टीवर हात ठेवला आणि चेंडूमागे धावत सुटला.