यादवीचा छुपा कर

भाट्ये खाडीसमोरच्या टेकडीवर थिबा राजवाडा उभा आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीतच निवर्तला. राज्य गमावलेल्या या राजाने स्वतःची माणके विकून खर्च भागविला. त्याच्या मायभूमीतील आजचे सेनाधिकारी मात्र प्रजेच्या पुंजीवर युद्ध चालवीत आहेत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सैन्याने सत्ता बळकावली आणि यादवी भडकली. सीमाप्रदेश हातचे गेले, करवसुली आटली. सैनिकांचे वेतन आणि दारूगोळा यांचा खर्च तेवढा वाढला. ही तूट मध्यवर्ती बँकेने नोटा छापून भरली. सत्तापालटापूर्वी एका डॉलरला सुमारे १,३३० क्यात पडत. ऑगस्ट २०२४ मध्ये खुल्या बाजारात सहा हजारांहून अधिक मोजावे लागले.

चलनवाढ हा संसदेच्या संमतीवाचून वसूल होणारा कर आहे. सोने बाळगणारा त्यातून निभावतो; पगारदार, निवृत्तिवेतनधारक आणि मजूर भरडले जातात. अमेरिकेच्या यादवीत (१८६१-६५) दक्षिणेकडील राज्यांच्या शासनाने हाच मार्ग धरला. पराभवानंतर त्याच्या नोटा रद्दीत गेल्या.

भारताने तूट भरण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडून आपोआप पैसा उचलण्याची प्रथा १९९७ मध्ये बंद केली. पुढे २००३ मध्ये अटलजींच्या शासनकाळात वित्तीय शिस्तीचा कायदा झाला. परंतु असे कायदे पाळण्याची शक्ती एकसंध राष्ट्रातच असते. म्हणूनच फुटीरतेला थोपविणे म्हणजे सामान्य कुटुंबाच्या बचतीचेही रक्षण करणे होय. शेजारच्या देशाची दुर्दशा हेच बजावते आहे.