घुमट कुणाचा, गाव कुणाचे?

आमच्या गावची जुनी मशीद पाडून नवी बांधायचे ठरले आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर ठेकेदाराने नकाशा उलगडला. चार मिनार, मधोमध फायबरचा हिरवा घुमट, दर्शनी भागाला निळी काच. सगळे खूश! मी एवढेच विचारले, मे महिन्यात या काचेआड जोहरची नमाज कशी पढायची? एक चाचा म्हणाले, ‘एसी लगायेंगे.’ जिथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते आणि निम्मा गाव ऊसतोडीला जातो, तिथे चंद्याच्या पैशावर एसी!

माझा राग काचेवर नाही, तिच्यामागच्या समजुतीवर आहे. इस्लामचा एकच ठरलेला नकाशा आहे आणि तो आखाती देशांतून येतो, अशी ती समजूत. मदिन्यात पैगंबरांनी (स.) बांधलेली मशीद कच्च्या विटांची होती. खांब खजुराच्या खोडांचे, छप्पर खजुराच्या फांद्यांचे. ना घुमट, ना मिनार. त्या मातीत जे मिळाले त्यातून ती उभी राहिली. बाकी सुन्नतींवर तासन्‌तास बोलणारे या सुन्नतीवर गप्प का असतात? मालीतल्या जेन्ने गावची मोठी मशीद मातीची आहे. दरवर्षी गावकरी मिळून ती लिंपतात. ढाक्यात मरीना तबस्सुम यांनी आजीने दिलेल्या जागेवर विटांची मशीद उभारली, 2012 साली. तिलाही घुमट-मिनार नाहीत, वारा मात्र जाळीदार भिंतींतून खेळतो. 2016 साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला. तिथली नमाज कबूल होत नाही, असे कुणी म्हटल्याचे माझ्या कानावर नाही.

लांब कशाला, बीडची खजाना विहीर पाहा. निजामशाहीत, सोळाव्या शतकात सलाबतखानाने ती बांधवली. जमिनीखालून पाणी नेण्याची युक्ती इराणकडची म्हणतात. पण भिजली ती इथल्याच कुणब्यांची शेते. बाहेरचे ज्ञान घ्यावे ते असे.

आपल्या घरांत काय कमी होते? ढेलज, चौक, चहूबाजूंनी ओसरी, वर माळवद, माळवदाला उजेड-वाऱ्यासाठी झरोका. पाटलाचा वाडा असो की मुल्लाचे घर, रचना एकच. चौक म्हणजे मशिदीचे सहनच की! ओसरीत सफा लागतील, वजूचे पाणी चौकातल्या लिंबाला जाईल. आणि एक बाजूची ओसरी बायकांना देता येईल. ठेकेदाराच्या नकाशात चार मिनारांना जागा आहे, आपल्या आयाबहिणींना नाही. हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

‘किल्लारी विसरलात काय?’ असे एकाने विचारले. प्रश्न खरा आहे. 1993 च्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे यांनीच शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे गाडली. म्हणून मी माळवदाची माती परत डोक्यावर घ्या म्हणत नाही. भिंतींना सिमेंट-सळईचे पट्टे द्या, छत हलके करा. घ्यायची आहे ती घराची मांडणी, मातीचा भार नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक दुखरा आहे. 30 मार्च 2025 रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यात अर्धमसल्याच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडवला गेला. ‘अशा दिवसांत मशीद लांबून मशीद दिसलीच पाहिजे, नाहीतर आम्ही भ्यालो असे होईल,’ असे तरुण म्हणतात. मला त्यांचा संताप कळतो. पण फायबरचा घुमट हे धैर्य कसे? आम्ही इथलेच, हे तोंडाने रोज सांगायचे आणि इमारत मात्र परक्या मुलुखाची आणायची! काळ्या दगडाची, चौकाची मशीद भित्री ठरत नाही. तिला पाहून कुणी ‘तुम्ही कुठले?’ विचारूच शकत नाही. तरीही विचारतील ते विचारोत.

नकाशा सध्या मुतवल्लींच्या कपाटात आहे. चंदा निम्मा जमलाय, पाया अजून खोदलेला नाही. पुढच्या जुम्म्याला मी पुन्हा उभा राहणार आहे. यावेळी गावातल्या दोन म्हाताऱ्या गवंड्यांना सोबत घेऊन.